जुनी स्पोर्ट्स कार विदर्भातल्या खेड्यात आणताना आणि पुन्हा उभी करताना

जुनी स्पोर्ट्स कार घेऊन ती स्वतःच्या गावी दुरुस्त करावी, असा विचार विदर्भात कोणी बोलून दाखवला, तर त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा, की हे काम मुंबई-पुण्यातच होते, खेड्यात त्याचे कारागीर नाहीत. हा सल्ला मला मान्य नाही. ज्या तालुक्यात ट्रॅक्टरचे इंजिन बांधणारे मेस्त्री आहेत, जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग लेथवर उतरवणारे टर्नर आहेत आणि सागवानाची चौकट सुतात बसवणारे सुतार आहेत, त्या तालुक्यात हे काम निश्चित होऊ शकते. आपल्याकडे अशा गाड्या अर्धवट राहतात त्या बहुधा कामाचा क्रम चुकल्यामुळे: गाडी आधी येते, तिच्यासाठी छप्पर नंतर शोधले जाते, कागदांचा विचार त्याहूनही नंतर होतो, आणि तोवर उघडा पडलेला पत्रा एका पावसाळ्यात खाल्ला जातो. म्हणून पुढील मजकुरात तंत्राइतकेच महत्त्व क्रमाला दिले आहे.

उदाहरणे मुख्यतः ट्रायम्फ या इंग्लिश बनावटीच्या घराण्यातली घेतली आहेत, आणि त्याला कारण आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ ते १९७१ या काळात भारतात ट्रायम्फ हेरल्डच ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बनवली. ज्या इटालियन आरेखकाने, म्हणजे जोव्हान्नी मिकेलोत्तीने, मूळ ट्रायम्फ हेरल्डला रूप दिले, त्यानेच १९६२ साली आलेल्या ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारलाही दिले, आणि स्पिटफायरची चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) हेरल्डच्याच चेसिसवरून आखलेली होती. त्यामुळे पुढचे सस्पेन्शन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांतले कितीतरी भाग दोन्ही गाड्यांत सारखे किंवा थोड्या फरकाने बसणारे आहेत. ज्याच्याकडे स्पिटफायर आहे, त्याने भंगारात निघालेली हेरल्ड दिसली की तिचे पुढचे सस्पेन्शन सोडू नये. आणि ज्याला पहिलाच अनुभव घ्यायचा आहे, त्याने उघड्या टपाची हेरल्ड घेतली तरी ती उत्तम सुरुवात ठरेल.

कागद आणि क्रमांक

सौदा ठरवण्याआधी आरसी हातात घ्यावी आणि तिच्यावरचे चेसिस व इंजिनाचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः पडताळून पाहावेत. क्रमांकाची जागा डिझेलच्या फडक्याने भिजवून पुसावी; तारेचा ब्रश जोराने फिरवू नये, कारण गंजाबरोबर उथळ ठसाही निघून जातो. नंतर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरवून छाप घ्यावा आणि तो तारीख घालून जपून ठेवावा, कारण पुढे आरटीओतही असाच छाप लागतो. स्पिटफायरचा कारखान्याचा क्रमांक रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर असतो, त्यामुळे ती पट्टी रंगकामासाठीही काढू नये, आणि विकत घेताना तिचे रिव्हेट ताजे दिसले तर ती कधी व का काढली होती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला नमुना २८ मध्ये घ्यावा लागतो. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. आरसी हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ आहे. आपल्याकडे वाड्यांत पडून असलेल्या गाड्या बहुतेक वेळा आजोबांच्या नावावर असतात, आणि तिथे खरी अडचण वारसांची असते. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर नमुना ३१ ने नोंद करून घ्यावी, सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी आणि मगच पैसे द्यावेत. एका भावाने विकलेली गाडी दुसऱ्या भावाने परत मागितली, की दुरुस्तीचा सगळा खर्च वादात अडकतो. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी: १९५६ पर्यंत विदर्भ तत्कालीन मध्य प्रदेशात होता, त्यामुळे त्या काळातल्या पासिंगचा क्रमांक आजच्या महाराष्ट्राच्या क्रमांकासारखा दिसणार नाही. तेवढ्यावरून तो खोटा समजू नये.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि ज्या गाडीची नोंदणी आधीच झालेली आहे तिला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. या व्याख्येचा कामाशी थेट संबंध आहे. जाम झालेले मूळ इंजिन काढून त्याजागी मारुतीचे इंजिन बसवून द्यायला कोणीही मेस्त्री तयार होईल, गाडी चालेलही, पण त्याबरोबर ती या नोंदणीतून बाहेर पडेल आणि तिचे मोलही जाईल. मूळ इंजिन कितीही खराब असले तरी ते त्याच गाडीत राहिले पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो.

गाडी बघताना

जाम इंजिनाला घाबरू नये. पुढच्या काचेची चौकट नसली तर मात्र घाबरावे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग हे मिळते किंवा बनवता येते, पण काचेची चौकट, टपाचा सांगाडा, मीटर, दिव्यांच्या कडा, कुलपे आणि नावाची अक्षरे जमवायला वर्षे जातात. म्हणून दोन गाड्यांपैकी एक चालू पण अपूर्ण असेल आणि दुसरी बंद पण पूर्ण असेल, तर दुसरी घ्यावी.

पत्रा तपासण्यासाठी एक लहान चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्यावा आणि तो दरवाजाखालच्या सिलवर, चाकांच्या कमानींवर, दिव्यांच्या भोवती आणि बुटाच्या (डिकीच्या) तळाशी सावकाश फिरवावा. चांगल्या पत्र्यावर तो ओढला जातो. जिथे तो सुटतो तिथे रंगाखाली पुट्टी आहे. स्पिटफायरमध्ये ही तपासणी अधिक काटेकोर हवी, कारण तिच्या चेसिसला बाजूचे लांब दांडे नाहीत आणि सिलच बॉडीचा भार पेलतात. हेरल्डमध्ये हा भार चेसिसवर असल्याने सिल गंजली तरी गाडी वाकत नाही. स्पिटफायरचा दरवाजा उघडून, एकाने आत बसून, बंद करताना वरच्या मागच्या कोपऱ्यातली फट बदलते का ते पाहावे. ती मिटत असेल तर सिल गेली आहे, असेच धरून चालावे.

आधी जागा

गाडी आणण्यापूर्वी शेड तयार असावे. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर थेट उभी केलेली गाडी खालून सतत ओल घेते आणि घोड्यांवर (टेकूच्या लोखंडी तिवयांवर) ठेवलेली असेल तर घोड्या तिरप्या होतात. म्हणून निदान फूटभर मुरूम दाबून, त्यावर जाड प्लास्टिक अंथरून मग सिमेंटचा कोबा करावा. टिनाखाली उन्हाळ्यात फार तापते, तेव्हा टिन आणि गाडी यांच्यामध्ये बांबूच्या ताट्या किंवा हिरवी जाळी लावून हवा खेळती ठेवावी. ताडपत्रीने गाडी गच्च झाकणे टाळावे, कारण आतली दमट हवा तिथेच कोंडते.

ज्या खोलीत युरिया, डीएपी किंवा फवारणीची औषधे ठेवली जातात, तिथे गाडी ठेवू नये. खताची धूळ हवेतली ओल शोषून लोखंड झपाट्याने खाते. गोठ्यालगतची जागाही तितकीच वाईट, कारण तिथल्या अमोनियामुळे पितळेच्या आणि तांब्याच्या भागांना तडे जाऊ शकतात, आणि कार्ब्युरेटर, रेडिएटर, जोडण्या या सगळ्यांत हेच धातू असतात. कुटाराच्या ढिगाशेजारी उंदीर येणारच. ते वायरिंग आणि बैठकीचा काथ्या कुरतडतात. मागच्या नळीला (सायलेन्सरला) आणि एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी बांधून ठेवावी.

वाहतूक

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी दोर बांधून ओढत आणू नये. ब्रेक गेलेले असतात, चाकांचे बेअरिंग कोरडे असतात आणि टायर वरून चांगले दिसले तरी आतून फाटलेले असतात. सर्वांत चांगली सोय फ्लॅटबेड गाडीची. ती परवडत नसेल तर आयशरसारखा १४ फुटांच्या बॉडीचा ट्रक पुरतो. स्पिटफायरची लांबी सुमारे ३.६८ मीटर, म्हणजे १२ फुटांच्या किंचित वर आहे, हेरल्डची सुमारे ३.८९ मीटर, वजनही फार नाही, स्पिटफायर ७०० किलोच्या आसपास भरते. ट्रक ठरवताना बॉडीची आतली लांबी-रुंदी स्वतः टेपने मोजून घ्यावी आणि फाळका पूर्ण खाली उघडतो का, ते पाहावे.

चढवण्यासाठी उतरता फलाट नसेल, तर त्याची सोय खेड्यात शहरापेक्षा सोपी आहे. बाजार समितीच्या यार्डात किंवा जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठी आणि पोती चढवण्याचा धक्का असतो. हंगाम नसलेल्या दिवशी तिथल्या व्यवस्थापकांची रीतसर परवानगी घेऊन तो वापरता येतो. ट्रक धक्क्याला मागच्या बाजूने लावला, की ट्रकचा तळ आणि धक्क्याची उंची यांत वीतभर फरक राहतो, आणि तेवढा सागवानी पाट्यांनी सहज भरून निघतो. वावरातून गाडी काढायची असेल तर उंच धुऱ्याला (बांधाला) ट्रक लावूनही हेच करता येते, मात्र धुरा कोरडा आणि दाबलेला असावा.

प्रत्यक्ष चढवताना चेन ब्लॉक किंवा हाताची विंच ट्रकच्या पुढच्या आडव्या दांड्याला बांधावी आणि गाडीकडचा दोर चेसिसला लावावा. पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मला किंवा बंपरला तो कधीही अडकवू नये. एक माणूस स्टिअरिंगवर आणि दोघे मागच्या चाकांशी, हातात तिरपे कापलेले लाकडी ठोकळे घेऊन. गाडी वीतभर वर सरकली की ठोकळे चाकाला चिकटून पुढे येतात, आणि दोर सुटलाच तरी गाडी तिथेच थांबते. उतारावर गाडीच्या मागे, मधोमध कोणीही उभे राहू नये, हे कामाला हात लागण्याआधी सगळ्यांना मोठ्याने सांगावे. पेट्रोलची टाकी रिकामी आणि बॅटरी काढलेली असावी.

बांधण्याच्या बाबतीत स्पिटफायर आणि हेरल्डची एक खास अडचण आहे. त्यांच्या मागच्या चाकांना आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) आणि झुलता ॲक्सल असतो. बॉडीला पट्टे लावून गाडी खाली ओढली, की मागची चाके खालून बाहेर फाकतात, रस्त्याच्या धक्क्यांनी ती पुन्हा आत येतात, पट्टा सैल पडतो आणि गाडी सरकू लागते. म्हणून पट्टे टायरवरून घेऊन ट्रकच्या तळाला बांधावेत, म्हणजे चाके पक्की राहतात आणि बॉडी आपल्या पाट्यांवर मोकळी हलू शकते. रॅचेटचे चार पट्टे, प्रत्येक चाकाला एक, आणि शिवाय पुढे-मागे चाकांना खिळलेले ठोकळे. नायलॉनचा साधा दोर ओढ घेतल्यावर ताणतो, त्यावर भिस्त ठेवू नये. सुटे भाग गाडीच्या आत न टाकता वेगळ्या पेट्यांत भरावेत. आत सैल पडलेला ब्रेक ड्रम वाटेत काचेचे काय करील, हे सांगायला नको.

मुंबई-नाशिककडून येताना ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, सुरत-धुळ्याकडून येताना अकोला-अमरावतीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि हैदराबादकडून पांढरकवड्यावरून येणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हे तिन्ही मार्ग ट्रकसाठी चांगले आहेत. पहिल्या २५-३० किलोमीटरनंतर ट्रक थांबवून सगळे पट्टे पुन्हा आवळायला लावावेत, कारण तेवढ्यात गाडी आपली जागा घेते. एप्रिल-मे महिन्यांत प्रवास रात्रीचा ठेवावा. शेवटचा पल्ला पांदणीचा असेल तर गाडी मृगाच्या आत पोहोचली पाहिजे. एकदा काळा चिखल झाला, की ट्रक आत येत नाही आणि मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मदार येते. ट्रॉलीला पाटे नसल्याने प्रत्येक खड्डा थेट गाडीला बसतो, म्हणून ती वापरायचीच झाली तर माणसाच्या चालीने, दोन-चार किलोमीटरपुरतीच वापरावी आणि पलटी होणारी ट्रॉली असेल तर तिची पिन लावून पक्की करून घ्यावी.

सोबत आरसीची प्रत, विक्रीपत्र आणि मालकाचे ओळखपत्र यांचा एक संच ट्रकचालकाकडे द्यावा. क्रमांकाची पाटी नसलेली जुनी गाडी नाक्यावर विचारली जातेच.

हंगामाप्रमाणे कामाची आखणी

आपल्याकडे शेतीसारखेच या कामालाही ऋतूंचे बंधन पाळावे लागते. पावसाळ्यात उघडा घासलेला पत्रा काही तासांत तांबूस पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात रंग उतरवायला घेऊ नये. ते महिने इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर आणि वायरिंगसाठी ठेवावेत. दसऱ्यानंतर पत्र्याचे काम सुरू करावे. रंग डिसेंबर-जानेवारीत, आजूबाजूच्या वावरांतली सोयाबीनची मळणी संपून धूळ बसल्यावर द्यावा. मे महिन्यात ४५ अंशांवर रंग फवारला तर तो पत्र्यावर पोहोचेपर्यंतच वाळू लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो.

गाडी सोडवताना प्रत्येक भागाचा आधी जागेवर फोटो, मग पिशवी, पिशवीत नट-बोल्टसह भाग आणि बाहेर पत्र्याची बिल्ला-चिठ्ठी, या रीतीने जावे. कागदी चिठ्ठ्या ऑईलने पुसट होतात आणि झुरळे खातात. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरलेला क्रमांक मात्र राहतो. एका वेळी गाडीचा एकच विभाग उघडावा. सगळी गाडी एकदम सोडवणे हे अर्धवट राहिलेल्या गाड्यांचे सर्वांत मोठे कारण आहे.

इंजिन, पेट्रोल आणि पाणी

इथल्या ट्रॅक्टर मेस्त्र्यांना ही इंजिने परकी वाटत नाहीत, आणि त्यामागे इतिहासही आहे. इंग्लंडच्या ज्या स्टँडर्ड मोटर कंपनीकडे ट्रायम्फ होती, तिनेच १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर बनवले, आणि ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारचे १९९१ सीसीचे इंजिन त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे जवळचे भावंड होते, त्याच पद्धतीच्या ओल्या स्लीव्ह (बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या) असलेले. स्पिटफायरचे ११४७ सीसीचे इंजिन त्याहून लहान आणि वेगळे आहे, तरी तिचे आटेही इंची आहेत. जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवर काम केलेल्या मेस्त्र्याकडे सुताचे (इंची मापाचे) पाने असतात. मिलीमीटरचा पाना ठोकून बसवणाऱ्या मेस्त्र्याला इंजिन देऊ नये. एमजी टीडीसारखी दुसरी जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार असेल तर त्याहून सावध राहावे: तिच्या १२५० सीसीच्या इंजिनात आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची, असा दुर्मीळ मेळ आहे, त्यामुळे तिचा एकही बोल्ट टाकून देऊ नये.

जाम इंजिन मोकळे करताना स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे ऑईल समप्रमाणात मिसळून घालावे, प्लगची भोके चिंधीने झाकावीत आणि आठवडाभर रोज थोडे थोडे घालत राहावे. ॲसिटोन फार ज्वालाग्राही आहे, तेव्हा शेडमध्ये विडी-काडी बंद. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टवर लांब पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करावे. केसभर हालचाल दिसली तरी घाई न करता पुन्हा मिश्रण घालून थांबावे. गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढण्याचा प्रकार इथे सर्रास होतो, आणि त्यात रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतात.

हेड उघडलेच आहे तर कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात. ही इंजिने शिशाच्या पेट्रोलसाठी बनली होती. २००० सालापासून देशात ते मिळत नाही आणि शिशाचा लेप नसल्याने बिडाच्या मऊ सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातात. त्याहून ताजा प्रश्न इथेनॉलचा आहे. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर आणि कॉर्क मऊ करते, टाकीच्या आतला जुना लेप सोडवते, हवेतले पाणी ओढून घेते आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणातला पेट्रोलचा जोर कमी करते. यासाठी सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, शक्यतो व्हिटॉनच्या घ्याव्यात, टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर लावावा, एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरची सुई थोडी अधिक पेट्रोल देणारी निवडावी आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटरचे भांडे रिकामे करावे. उन्हाळ्यात कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बेकेलाईटचा जाड स्पेसर घातल्याने पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडण्याचे प्रकार बरेच कमी होतात.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर हे शब्दशः पाळावे, कारण तिथले पाणी माणसाला पिण्याजोगे नसते तसेच ते पितळेच्या रेडिएटरला आणि बिडाच्या ब्लॉकलाही मानवत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, एवढेच. घासलेला पत्रा धुण्यासाठीही खारे पाणी वापरू नये. रंगाखाली अडकलेल्या क्षारामुळे पुढे फोड येतात.

ट्रनियन

हा भाग लहान आहे, पण या गाड्यांत माणसाचा जीव त्यावर असतो. पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला आटे पाडलेला असून तो काशाच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे आटे असलेल्या जोडाच्या ठोकळ्यात बसतो आणि स्टिअरिंग वळले की त्या आट्यांतच फिरतो. त्याला ग्रीस नव्हे, ९० नंबरचे गिअर ऑईल द्यायचे असते. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोहोचत नाही, तिथे पाणी साचते, दांडा आतून गंजतो आणि एखाद्या दिवशी वळणावर मोडून चाक आडवे पडते. पुढची बाजू घोड्यांवर घेऊन चाके अधांतरी करावीत, ट्रनियनवरचा छोटा प्लग काढून तिथे निपल बसवावा, ग्रीसगनमध्ये ९० नंबरचे ऑईल भरावे आणि दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगत, वरच्या सीलमधून स्वच्छ ऑईल येईपर्यंत दाबावे. सुरुवातीला तांबडे-काळे पाणी आले तर तिथेच थांबून सगळे सोडवावे आणि दांड्याच्या आट्यांवर गंजाचे खड्डे असतील तर तो दांडा वापरू नये. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे असतात, त्यामुळे भागांवर खुणा करून ठेवाव्यात.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. सर्व रबरी होज आणि सील नवे. खड्डे पडलेल्या व्हील सिलिंडरला टर्नरकडून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह. साध्या तांब्याच्या नळ्या नकोत, त्या धक्क्यांनी कडक होऊन चिरतात.

पत्रा, लाकूड, रंग

स्पिटफायरची सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे लोखंडी पाईप वेल्ड करून बॉडी जखडावी, बॉडी चेसिसवर बसलेली असतानाच काम करावे आणि एक बाजू पूर्ण करून दरवाजा बसवून पाहिल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. वेल्डिंगच्या दिवशी शेडमध्ये पेट्रोलचा डबा नसावा आणि बॅटरी सुटलेली असावी.

एमजीसारख्या गाडीत बॉडीचा सांगाडा ॲश जातीच्या लाकडाचा असतो. ते इथे मिळत नाही. मुरलेले सागवान चालते आणि त्याला वाळवी सहजासहजी लागत नाही. मात्र सागवानात तेल असल्याने सांधा चिकटवण्याच्या अगदी आधी ती जागा ॲसिटोनने पुसावी लागते, नाहीतर सांधा धरत नाही. दरवाजाच्या फटी उन्हाळ्यात ठरवू नयेत. त्या वेळी लाकूड आकसलेले असते आणि पोळ्यापर्यंत तेच दरवाजे अडकू लागतात.

पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये फुप्फुसाला कायमची इजा करणारे आयसोसायनेट असते. तोंडाला रुमाल बांधून तो फवारणे म्हणजे संरक्षण नव्हे. बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्क पेंटरला मालकाने घेऊन दिला पाहिजे.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे, ते पाहावे. १९६७ साली मार्क-३ ही आवृत्ती येईपर्यंत स्पिटफायरमध्ये पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असे, आणि सवयीने निगेटिव्ह जोडली तर नुकसान होते.

रस्त्यावर आणताना

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवावे आणि ऑईलचा दाब मीटरवर दिसल्यावरच प्लग लावावेत. पहिली फेरी आवारात, दुसरी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, सोबत ब्रेकचे साहित्य, पाणी आणि अग्निशामक घेऊन, ऊन उतरल्यावर काढावी. इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट पुस्तकात दिलेल्या क्रमाने पुन्हा आवळावेत आणि टॅपेटची फट ०.२५ मिलिमीटरवर आणावी. पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये इंजिनावर जोर देऊ नये, सतत एकाच वेगातही ठेवू नये. त्यानंतर ऑईल आणि फिल्टर बदलून जुने ऑईल पांढऱ्या फडक्यावर पसरून पाहावे. त्यात चकाकणारे कण असतील तर खालचे झाकण काढून बेअरिंग तपासावेत, आणि नसतील तर चाकांचे नट, मागच्या पाट्याचे बोल्ट व ब्रेकच्या सर्व जोडण्या पुन्हा एकदा पान्याने तपासून गाडी पासिंगसाठी न्यावी.